सर, पान १४३ उलटं होतं

सर,



माझ्या प्रबंधाच्या कच्च्या प्रतीत १४३ क्रमांकाचं पान उलटं बांधलं गेलं होतं. चूक झेरॉक्सवाल्या पोराची. रात्री साडेनऊला दुकान बंद करायच्या घाईत त्यानं सव्वातीनशे पानं स्पायरलमध्ये घातली आणि एक पान खाली डोकं वर पाय असं गेलं. माझ्याही ते लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी, म्हणजे जून २०२१ मधल्या एका सोमवारी, ती प्रत मी तुमच्या टेबलावर ठेवली. तुम्ही म्हणालात, "ठेव, बघतो."

अकरा महिन्यांनी ती मला परत मिळाली. "वाचलं. बरंय. भाषा जरा सुधार," एवढंच तुम्ही बोललात. मी एसटीत बसले आणि पहिल्या पानापासून तुमच्या खुणा शोधायला लागले. पेन्सिलीची रेघ नाही, प्रश्नचिन्ह नाही, कुठं पानाचा कोपरा दुमडलेला नाही. वरच्या पुठ्ठ्यावर चहाच्या कपाचं गोल वर्तुळ होतं, आणि धुळीत कुठल्याशा फायलीचा स्वच्छ चौकोन उमटला होता. बरेच महिने ती फाईल माझ्या प्रबंधावर बसलेली असणार. चाळत चाळत मी १४३ व्या पानाशी आले. ते वाचायचं तर अख्खी प्रत हातात फिरवून धरावी लागते. तिथवर पोचलेला माणूस थांबतोच. चिडतो, नाहीतर कडेला एक फुली तरी मारतो. त्या पानाला कुणाचं बोटसुद्धा लागलेलं नव्हतं.

सर, तुम्ही माझा प्रबंध वाचला नाहीत. हे पत्र त्यासाठी आहे.

तुमचं नाव मी लिहीत नाही. विद्यापीठाचं, कॉलेजचंही लिहीत नाही. नाव लिहिलं तर हे पत्र तुमच्या एकट्याचं होईल, आणि आज कुणाच्या तरी केबिनबाहेर हातात स्पायरल घेऊन उभी असलेली पोरंपोरी म्हणतील, हे आपल्या सरांबद्दल नाही. तुम्हाला मात्र हे पत्र कुणाला लिहिलंय ते पहिल्या वाक्यालाच कळलं असेल. किंवा नसेलही कळलं. पान १४३ तुम्ही पाहिलंच कुठं होतं?

मी तुमच्याकडे २०१७ मध्ये आले. पेट, म्हणजे पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा, पास झाले होते, मुलाखत झाली होती, यादीत तुमच्याकडे एक जागा रिकामी होती. माझा विषय माझ्या घरातलाच होता. माझी माय बीड जिल्ह्यातून एकोणीस हंगाम ऊसतोडीला गेली. दसरा झाला की टोळी निघायची आणि पट्टा पडला की, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला की, मार्च-एप्रिलात परत यायची. मी आजीपाशी राहिले म्हणून शिकले. माझा मोठा भाऊ कोपीवर, तोडकऱ्यांच्या झोपडीत, वाढला म्हणून शिकायचा राहिला. नवराबायको मिळून एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. हंगामाआधी मुकादम जे आगाऊ पैसे देतो ती उचल, एक दिवस कामाला नाही गेलं तर पडतो तो खाडा. हे शब्द मला शाळेच्या आधी येत होते. या कुटुंबांच्या हातात हंगामाअखेर नेमकं काय उरतं, याचा घरटी हिशेब मला मांडायचा होता. तीन गावं, १२० कुटुंबं, दोन हंगाम.

विषय मंजूर करणाऱ्या समितीपुढं, आरआरसीपुढं, मला पाच मिनिटं मिळाली. समितीतल्या कुणीही पद्धतीबद्दल विचारलं नाही, नमुना कसा निवडणार तेही विचारलं नाही. चर्चा झाली ती शीर्षकावर, आणि माझ्या शीर्षकाला 'एक चिकित्सक अभ्यास' हे शेपूट लागून ते मंजूर झालं. बाहेर आल्यावर तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारलीत. तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. आमच्या घरात कागदावर शिक्का मिळणं ही मोठी गोष्ट होती.

कोर्सवर्क झालं आणि तुम्ही मला पहिला सल्ला दिलात. "दुसरं प्रकरण सगळ्यांचं सारखंच असतं. मागच्या पोराचं घे, वाक्यं फिरव." संशोधन साहित्याचा आढावा घ्यायचा म्हणजे आपल्या आधी कुणी काय पाहिलं, त्यातलं काय पटतं आणि काय सुटलंय, हे स्वतः वाचून ठरवायचं. तुम्ही मला चोरी कर म्हणालात, आणि ते इतक्या सहजपणे म्हणालात की क्षणभर मला तीच रीत वाटली. वाङ्मयचौर्याबद्दलचा विद्यापीठ अनुदान आयोगाचा नियम जुलै २०१८ मध्ये आला: साम्य १० टक्क्यांपर्यंत चालेल, ४० पर्यंत गेलं तर दुरुस्त करून पुन्हा द्या, ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. मागच्या पोराची वाक्यं मी फिरवली असती तर नोंदणी माझी रद्द झाली असती. मी ते प्रकरण स्वतः लिहिलं. त्याला दीड वर्ष लागलं. शोधगंगा या संकेतस्थळावर प्रबंध कसे शोधायचे, कुठल्या विद्यापीठाचा आधी उघडायचा, हे मला आमच्या ग्रंथपालबाईंनी शिकवलं. दर शनिवारी ग्रंथालय बंद झाल्यावर त्या अर्धा तास माझ्यासाठी थांबायच्या. ऋणनिर्देशात त्यांचं नाव तुमच्या नावाच्या खाली छापावं लागलं याचं मला आजही वाईट वाटतं.

दुसरा सल्ला शोधनिबंधाचा. तेव्हाच्या २०१६ च्या नियमाप्रमाणे प्रबंध सादर करण्याआधी एक निबंध छापून यायला हवा होता. तुम्ही एका नियतकालिकाचं नाव सांगितलंत, पैसे कुठं भरायचे ते सांगितलंत आणि लेखकांत आधी तुमचं नाव घालायला सांगितलंत. मी पैसे भरले. निबंध आठ दिवसांत आला. आठ दिवसांत कोण काय तपासणार? मे २०१८ मध्ये आयोगानं आपल्या मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढून टाकली, त्यात तेही गेलं. दुसरा निबंध मी नव्यानं लिहिला. त्यावरही तुमचं नाव पहिलं आहे, आणि तोही तुम्ही वाचलेला नाही.

नियमात असं होतं की दर सहा महिन्यांनी विद्यार्थ्यानं संशोधन सल्लागार समितीपुढं उभं राहायचं, काय केलं ते सांगायचं आणि समितीनं त्याला पुढची दिशा द्यायची. माझी ही समिती एकदाही बसली नाही. प्रगती अहवाल मी लिहायचे, त्यात समितीची मतंही मीच लिहायचे, आणि मग तीन माणसांच्या सह्या गोळा करत फिरायचे. सगळ्यात शेवटी तुमची. तुमच्या सहीसाठी मी किती दिवस त्या लाकडी बाकावर बसले याची नोंद माझ्या वहीत आहे, कारण तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या माणसाचा बुडलेला तास म्हणजे बुडलेले पैसे. पाच वर्षांत ६४ दिवस.

त्या दिवसांत मी रिकामी नव्हते. तुमच्या पाठ्यपुस्तकाची प्रुफं तपासली. बी.ए. प्रथम वर्षाच्या अंतर्गत परीक्षेचे गुण भरले. नॅकची समिती येणार होती तेव्हा पाच वर्षांच्या फायलींना पाठीमागून चिठ्ठ्या डकवल्या. तुमच्या भाच्याच्या प्रवेशाच्या रांगेत उभी राहिले. मी याला नाही का म्हटलं नाही? कारण प्रत्येक कागदाला तुमची सही लागत होती, आणि मार्गदर्शक बदलून घ्यायचा तर त्या अर्जावरही आधी तुमचीच ना हरकत लागत होती.

मुकादमांविषयी माझ्या प्रबंधात एक अख्खं प्रकरण आहे. त्यांचा मी कैवार घेत नाही. माझ्या मायेला ते काय काय बोलायचे ते मी ऐकलंय; इथं ते लिहिता येणार नाही. पण मुकादम उचल देतो आणि वहीत मांडतो. किती टन तोडलं, किती फिटलं, किती बाकी, हे त्याच्या वहीत असतं, आणि भांडायचं झालं तर माणूस त्या वहीवर बोट ठेवून भांडू शकतो. तुम्ही मला काहीच दिलं नव्हतं आणि तरी मी फेडत होते. माझं किती फिटलं आणि किती राहिलं, हे लिहिलेली वही कुठंच नव्हती.

आता सगळ्यात जड गोष्ट. माझी मुलगी जानेवारी २०१९ मध्ये झाली. नियमात बाईला २४० दिवसांची प्रसूतिरजा आहे, आणि सहा वर्षांच्या कमाल मुदतीवर दोन वर्षांची सवलत आहे. हा नियम ज्यांनी लिहिला त्यांना ठाऊक होतं की बाईचा दिवस कुठं कुठं वाटला जातो. ती दोन वर्षं माझ्या मुलीच्या तापासाठी होती, सासऱ्यांच्या दवाखान्यासाठी होती, रात्री अकरानंतर उघडायच्या वहीसाठी होती. मी रजा पूर्ण घेतलीही नाही. २०१९-२० च्या हंगामात लेकराला मायेकडे ठेवून मी कोप्यांवर फिरले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, माझी कुटुंबं कारखान्यांच्या आवारात अडकली, एप्रिलात त्यांना गावी जाऊ द्यायचा निर्णय झाला, आणि उरलेले हिशेब मी फोनवर, त्यांच्या पोरांच्या रिचार्जवर, पूर्ण केले. एवढं करून जून २०२१ मध्ये, चौथ्या वर्षाच्या आत, माझं लिखाण तयार होतं.

चार-पाच महिन्यांनी मी विचारायला आले तेव्हा तुम्ही म्हणालात, "तुला कसली घाई? बायकांना दोन वर्षं जास्तीची असतात."

सर, ती दोन वर्षं तुमची नव्हती.

त्याच काळात, नोव्हेंबर २०२१ मध्ये, सरकारनं सहायक प्राध्यापकांच्या २,०८८ जागा भरायला परवानगी दिली. किती वर्षांनी जाहिराती येणार होत्या हे तुम्हाला सांगायला नको. प्राध्यापकपदासाठीची सेट परीक्षा माझी निघाली नव्हती, पीएच.डी. हाच माझा पात्रतेचा रस्ता. माझ्याबरोबर तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या दोघांनी अर्ज केले, त्यातला एक आज कायम आहे. त्याचं मला मनापासून बरं वाटतं. माझी प्रत तेव्हा तुमच्या कपाटावर फायलीखाली होती. मुलाखतीत माझी निवड झालीच असती असं मी म्हणत नाही. मला त्या खोलीच्या दारापर्यंतही जाता आलं नाही.

मधल्या अकरा महिन्यांत तुम्ही माझ्या प्रबंधाबद्दल फक्त एक प्रश्न विचारलात, तोही जिन्यात. "सगळी गृहीतकं सिद्ध झाली ना?" मी म्हटलं, "तिसरं नाही झालं, सर." मी धरून चालले होते की उचल जितकी मोठी तितकी हंगामाअखेरची बाकी मोठी. माझ्या १२० कुटुंबांत तसं दिसलं नाही. बाकी वाढत होती ती आजारपणानं आणि खाड्यांनी. बाळंतपण, हाताला लागलेला कोयता, पावसानं बसून गेलेले दिवस. हे मला आधी माहीत नव्हतं, मायेलाही असं मांडून सांगता आलं नसतं. चार वर्षांत मला सापडलेली खरी गोष्ट तीच होती. तुम्ही म्हणालात, "मग तिसरं काढून टाक. सिद्ध झालेलंच ठेवावं." आणि खाली उतरून गेलात.

मी ते ठेवलं. तुम्हाला ते कळलं नाही, कारण पुढंही तुम्ही ते पाहिलं नाहीत.

अर्थशास्त्राच्या वर्गात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या प्रबंधाबद्दल तुम्ही दरवर्षी बोलता. मीही ते ऐकलंय. त्यातली एक गोष्ट तुम्ही सांगत नाही, ती मी सांगते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन होते. सुवर्ण विनिमय पद्धतीबद्दल दोघांची मतं जुळत नव्हती. आंबेडकर तिच्या विरोधात होते, कॅनन नव्हते. परीक्षकांनी प्रबंध आधी परत पाठवला, फेरमांडणी करून तो पुन्हा द्यावा लागला, आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली. त्याच वर्षी तो पुस्तकरूपानं आला तेव्हा प्रस्तावना कॅननची होती. आपलं मत वेगळं आहे हे त्यात त्यांनी सरळ लिहिलं, कुठं पटत नाही ते सांगितलं, आणि तरी या लिखाणातल्या ताज्या विचाराला दाद दिली. ओळ न् ओळ वाचल्याशिवाय असा मतभेद लिहिता येत नाही. माझा प्रबंध त्या तोलाचा नाही, हे मला कळतं. पण तुम्ही माझ्याशी भांडला असता तरी चाललं असतं, सर. माझं तिसरं गृहीतक का पडलं यावर तुम्ही मला तासभर फैलावर घेतलं असतं, तर मी ते आयुष्यभर सांगत फिरले असते.

प्रबंध सादर करायचा दिवस ठरला तेव्हा तुम्ही एका लग्नाला गेला होतात. मी रेक्झीनच्या पाच प्रती पिशवीत घालून मंगल कार्यालयात आले. जेवणाच्या पंगती चालल्या होत्या. तुम्ही हात पुसत बाहेर आलात आणि कुणाच्या तरी गाडीच्या बॉनेटवर पाचही प्रतींच्या प्रमाणपत्रावर सह्या केल्यात. हा प्रबंध माझ्या मार्गदर्शनाखाली पूर्ण झाला असून मी तो तपासला आहे, असा त्या पानावरचा मजकूर होता. पाचव्या सहीच्या कोपऱ्याला आमटीचा पिवळा डाग पडला. ती प्रत मी स्वतःकडे ठेवली. विद्यापीठात बाकीच्या चार दिल्या.

प्रबंध दिल्यापासून सहा महिन्यांत मूल्यमापन पुरं व्हावं असं नियम म्हणतो. मला तेरा महिने लागले. परीक्षकांच्या नावांची यादी तुमच्याकडून सात महिन्यांनी गेली, हे मला परीक्षा विभागातल्या एका कारकुनानं खिडकीतून हळूच सांगितलं. त्यानं सांगितलं नसतं तर विद्यापीठाला दोष देणं मला सोपं गेलं असतं.

मौखिकीच्या आधी तुम्ही मला एक चिठ्ठी दिलीत. वातानुकूलित खोली. येण्याजाण्याला गाडी. शाल, श्रीफळ, तुमच्यासाठीही एक शाल. पंचवीस माणसांचं जेवण, त्यात एक गोड. परीक्षकांचा प्रवासखर्च विद्यापीठ देतं, हे तुम्हाला माहीत होतं. मी सोसायटीतून कर्ज काढलं. माझी माय उचल घ्यायची तेव्हा अंगठा द्यायची. मी सही केली, एवढाच फरक.

मौखिकी खुली असते. विभागातले शिक्षक, संशोधक विद्यार्थी आणि रस असलेले इतर अभ्यासक येऊन बसू शकतात, असं नियमच म्हणतो. मी मायेलाही घेऊन आले. ती शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर, पदर नीट करून बसली. बाहेरचे परीक्षक परराज्यातल्या एका विद्यापीठातून आलेले, वयस्कर, मराठी नीट येणारे. त्यांच्या हातातल्या प्रतीतून कागदाच्या पंचवीस-तीस चिठ्ठ्या बाहेर आल्या होत्या. ती प्रत बघूनच माझ्या पोटात गोळा आला.

त्यांनी गृहीतकावर विचारलं, नमुन्यावर विचारलं. मग म्हणाले, "पान १४३ काढा."

सर, तेच पान. पक्क्या प्रतीत ते सुलट होतं. त्यावर एका कोयत्याच्या हंगामाच्या हिशेबाचा तक्ता आहे: उचल, तोडलेले टन, दर, खाडे, वाढ्यांचे पैसे, बाजारखर्च, बाकी. बायका संध्याकाळी उसाचे वाढे बांधून चाऱ्यासाठी विकतात, त्या पैशात आठवड्याचा बाजार भागतो. परीक्षक म्हणाले, "बाई, बाजारखर्च वाढ्यांच्या पैशातून भागला असं तुम्हीच वर म्हणता. मग खाली तेच पैसे शिलकीत कसे धरता? ते तर खर्च झाले."

मी तक्त्याकडे पाहिलं. ते बरोबर होते. मी ते पैसे दोनदा धरले होते. म्हणजे त्या घराची बाकी मी दाखवली त्यापेक्षा जास्त होती. त्याच रीतीनं भरलेले आणखी ४६ तक्ते होते. त्या सगळ्या घरांचं कर्ज माझ्या प्रबंधात खऱ्यापेक्षा कमी दिसत होतं. ज्या बायकांनी चुलीपुढं बसून बोटांवर मोजत मला आकडे सांगितले होते, त्यांचे पैसे मी माझ्या हातानं वाढवून ठेवले होते.

मी म्हटलं, "चूक आहे, सर. दुरुस्त करते." ते म्हणाले, "करा. निष्कर्ष बदलत नाही, उलट तुमचं म्हणणं अजून पक्कं होतं. पण आकडा खरा पाहिजे." मला लाज वाटत होती आणि त्याच वेळी घसा दाटून आला होता. सात वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या तक्त्यातली बेरीज करून पाहिली होती.

त्यांच्या शेजारच्या खुर्चीत तुम्ही बसला होतात. त्यांनी तुमच्याकडे वळून विचारलं, "हे आधी लक्षात आलं नाही का?" तुम्ही म्हणालात, "मी तिला सांगितलं होतं."

मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा मला आज सगळ्यात जास्त राग येतो, तुमच्या खोटेपणापेक्षाही. पदवीची अधिसूचना निघायची होती.

परत जाताना रिक्षात माय बराच वेळ काही बोलली नाही. तिला अक्षर येत नाही. बसस्थानक आलं तेव्हा म्हणाली, "त्या मान्सानं समदं वाचलं व्हतं की गं." आणि थोड्या वेळानं, "तुझ्या सरानं न्हाई."

आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे मार्गदर्शकाला प्रबंध सादर झाल्याचे ५ गुण मिळतात, पदवी मिळाल्याचे १०. तुमच्या फॉर्मवर ते लागले असतील. ते परत करा असं मी म्हणत नाही. ४७ तक्ते मी दुरुस्त केले आहेत. त्या तीन गावांत जाऊन ज्यांचे आकडे चुकले होते त्यांना भेटले, चूक काय झाली ते सांगितलं. एकीनं चहा करून दिला आणि म्हणाली, आम्हाला वाटलंच होतं एवढं उरत न्हाई. दुरुस्त केलेलं पान १४३ या पत्रासोबत तुम्हाला पाठवते आहे. सुलट आहे.

आता ज्यासाठी हे पत्र आजच पाठवायला हवं ते. तुम्ही सहयोगी प्राध्यापक आहात, नियमानं एका वेळी सहा विद्यार्थी घेऊ शकता, आणि सहाही जागा भरलेल्या आहेत. त्यातली एक मुलगी दोन वर्षांपूर्वी सोडून गेली; तिचं नाव अजून तुमच्या यादीत आहे. आणि एक मुलगा आहे, तुम्हाला कळेल मी कुणाबद्दल बोलते. त्याचे वडील हमाली करतात. गेल्या आठवड्यात मी ग्रंथालयात आले होते तेव्हा तुमच्या केबिनचं दार उघडं होतं. कपाटावर, जिथं माझी प्रत असायची तिथंच, निळ्या पुठ्ठ्याची स्पायरल दिसली. त्याला विचारलं. म्हणाला, मार्चमध्ये दिलीय, सर बघतो म्हणालेत.

त्याला जास्तीची दोन वर्षं नाहीत. त्याची मुदत ३० सप्टेंबरला संपते, आणि आज १२ तारीख आहे.

आपली,
तुमची एक माजी विद्यार्थिनी